वॉकर, फुलर, टकर: तीन आडनावं, धंदा एकच?

शब्दचाळा (प्रश्न)

जॉनी वॉकरच्या बाटलीवरचा लांब ढांगा टाकत निघालेला माणूस पाहिला की वॉकर म्हणजे 'चालणारा' असंच कुणालाही वाटेल. पण इंग्रजी आडनावांवर एक टिपण करताना वेगळंच समोर आलं. वॉकर, फुलर आणि टकर ही तिन्ही एकाच धंद्यावरून पडलेली आडनावं आहेत म्हणे. धंदा लोकरीच्या कापडाचा, एवढं कळतं. त्यापुढे मात्र कुणी 'धोबी' म्हणतं, कुणी 'पिंजारी', कुणी 'कापड तुडवणारा'.

माझे प्रश्न असे:

१. हे लोक नेमकं काय करत? त्याला मराठीत एखादा शब्द आहे का?
२. एकाच छोट्या देशात एकाच कामाला तीन नावं कशी?
३. आज एखाद्याचं आडनाव वॉकर असेल, तर त्याचे पूर्वज हाच धंदा करत होते असं ठामपणे म्हणता येतं का? कागदोपत्री ते कसं तपासायचं?

घोंगडी (प्रतिसाद)

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. एका शब्दात मराठी प्रतिशब्द नाही, कारण आपल्याकडे मुख्य कापड सुती आणि सुताला या कामाची गरजच नसते. धोबी अगदीच चूक. धोबी वापरलेले कपडे धुतो, हा माणूस मागावरून नुकतंच उतरलेलं कोरं कापड हाताळतो. पिंजारी त्याहून लांब, कारण त्याचं काम सूत काढण्याच्याही आधीचं.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ असतं, धागे सुटे दिसतात, आणि ते तेलकट असतं. लोकरीचा मूळचा चिकटपणा असतोच, शिवाय विंचरताना आणि कातताना तंतू तुटू नयेत म्हणून तेल किंवा लोणी लावलेलं असतं. म्हणजे कामं दोन: हा तेलकटपणा काढायचा, आणि मग कापड आटवून घट्ट करायचं. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि सतत मर्दन मिळालं की तंतू एकाच दिशेने सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि मागे फिरत नाहीत. घरी लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला आणि तो पोराच्या मापाचा झाला, तर नकळत हेच काम झालेलं असतं. बुरणूस ज्या गुणामुळे होतो तोच हा गुण. फरक एवढाच की बुरणुसात सुटी लोकर दाबतात, इथे आधी विणलेलं कापड दाबतात.

कामाचा क्रम साधारण असा. कापड आधी शिळ्या मुतात भिजवायचं. ताजं चालत नाही, कारण मूत्र शिळं होताना त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो अमोनियाच तेलकटपणाचा साबण करून सोडवतो. रोममध्ये हाच माल इतका खपे की व्हेस्पेसियन बादशहाने त्यावर कर बसवला होता. मग कापड खळखळून धुवायचं. मग एक विशिष्ट माती पाण्यात कालवून चोळायची, ती उरलेलं तेल शोषून घेते. या मातीला इंग्रजीत फुलर्स अर्थ म्हणतात, म्हणजे शब्दशः 'फुलरची माती'. आपल्याकडे चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती हीच. इंग्लंडमध्ये तिच्या नावाजलेल्या खाणी सरेतल्या नटफील्डला, बेडफर्डशरमध्ये वोबर्नजवळ आणि बाथजवळ होत्या. लोकरीच्या धंद्याला ती इतकी मोलाची की १७व्या शतकात ती देशाबाहेर न्यायला बंदी होती. माती धुऊन काढल्यावर कोमट पाणी आणि साबण घालून खरं मर्दन सुरू. जुन्या पद्धतीत दोन-तीन माणसं कुंडात उतरून पायांनी कापड तुडवत. पाणचक्की आल्यावर हे काम लाकडी मोगऱ्यांकडे गेलं. चाकाच्या लाटेवर खुंट बसवलेले असतात, ते मोगऱ्या आळीपाळीने उचलतात आणि सोडतात. कुंडाचा तळ गोलसर असतो, त्यामुळे प्रत्येक घावाबरोबर कापड थोडं वळतं आणि मार सगळीकडे सारखा बसतो.

काम बिघडतं ते इथेच. कुंडाचा किंवा मोगरीच्या तोंडाचा आकार चुकला की कापड वळत नाही, घाव एकाच जागी बसतात आणि भोक पडतं. साबण कमी पडला तर तंतू तुटून भुसा निघतो, जास्त झाला तर कापड नुसतं घसरतं, आटतच नाही. पाणी जड असेल तर साबणाचा चुन्यासारखा साका कापडावर बसतो आणि पुढे रंग डागाळतो. आणि दर थोड्या वेळाने कापड बाहेर काढून, ओढून, घड्या मोडून पुन्हा घालावं लागतं. तो कंटाळा केला तर घड्या कायमच्या बसतात, नंतर कितीही ताणा, जात नाहीत.

कापड आटतं किती, तर इंग्लिश ब्रॉडक्लॉथ, म्हणजे रुंद पन्ह्याचं लोकरी कापड, तयार मापाच्या दीडपट ते पावणेदोनपट रुंद विणत. म्हणून त्या मागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसत आणि धोटा एकमेकांकडे फेकत.

शेवटी ओलं कापड लांबलचक लाकडी चौकटीवर काटकोनी खिळ्यांना अडकवून ताणून वाळवायचं. ती चौकट म्हणजे टेंटर. जीव टांगणीला लागला या अर्थी इंग्रजीत 'ऑन टेंटरहुक्स' म्हणतात, ते हेच खिळे. इथे लबाडीला भरपूर वाव होता. जरुरीपेक्षा ताणलं की कापड मापाला भरतं, पण पहिल्या पावसात गिऱ्हाइकाच्या अंगावर आटतं. त्यामुळे ताणण्यावर वेळोवेळी कायदे झाले.

मोडीवाचक (प्रतिसाद)

घोंगडी यांनी पाया घालून दिलाय, त्यावर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

तिन्ही शब्दांची कुळं वेगळी आहेत. फुलर हा लॅटिन 'फुल्लो'वरून जुन्या इंग्रजीत 'फुल्लेरे' झाला, आणि नॉर्मन आल्यावर फ्रेंच 'फुले', म्हणजे तुडवणे, याचा त्याला टेकू मिळाला. वॉकर जुन्या इंग्रजीतल्या 'वेअल्केरे'वरून आला. टकरच्या मागे 'तूकियन' हे क्रियापद आहे आणि त्याचा मूळ अर्थ छळणे, हाल करणे! कापडाचे हाल करणारा तो टकर. मला तिन्हींत हाच सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

आता 'तीन नावं का' हा प्रश्न उलटा करून पाहा. आपल्याकडे कोसाकोसावर भाषा बदलते म्हणतात, तशीच मध्ययुगात इंग्रजीही प्रांतोप्रांती वेगळी होती. आग्नेयेला आणि ईस्ट अँग्लियात, म्हणजे केंट, ससेक्स, सफोक, नॉर्फक इथे, फुलर रुळला. नैऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये टकर. उत्तरेला आणि वेस्ट मिडलंड्समध्ये वॉकर. १८८१च्या जनगणनेतली आडनावं नकाशावर मांडली तरी हे तीन पट्टे ओळखू येतात, आडनावं गोठून पाच शतकं झाली तरी. गावांच्या नावांतही तेच: डेव्हन-कॉर्नवॉलकडे 'टकिंग मिल', उत्तरेकडे 'वॉक मिल', आणि वेल्समध्ये 'पांडी'. टोनीपांडी या गावाच्या नावातला पांडी तोच, आपल्या पांड्यांशी संबंध नाही. एक्सेटर शहरात विणकर, फुलर आणि कापड कातरणाऱ्यांच्या संघाची १४७१ची इमारत अजून उभी आहे, आणि तिचं नाव टकर्स हॉल. कागदावरच्या नावात फुलर, लोकांच्या तोंडी टकर.

कापडाच्या बाकी आडनावांतही हेच चालतं. विणकर दक्षिणेत वेब, उत्तरेत आणि मिडलंड्समध्ये वेबस्टर. रंगारी दक्षिणेत डायर, तर उत्तरेत आणि ईस्ट अँग्लियात लिस्टर, कारण तिथे डेन लोकांच्या वस्तीमुळे नॉर्स 'लिता', म्हणजे रंगवणे, हा शब्द रुजला होता. थोडक्यात, जंतुनाशक शस्त्रक्रियेचा लिस्टर आणि जालियनवाला बागेचा डायर, दोघांच्या आडनावाचा अर्थ एकच: रंगारी.

तिरपागडं (प्रतिसाद)

पण कापड पायांनी तुडवायचे, म्हणजे त्यावर चालायचेच ना? मग वॉकर म्हणजे चालणाराच झाला. उगाच घोळ कशाला?

मोडीवाचक (प्रतिसाद)

@तिरपागडं, बहुतेक लोकप्रिय पुस्तकं इथेच फसतात. अर्थाचा प्रवास उलट दिशेने झालेला आहे. 'वेअल्कन' या जुन्या क्रियापदाचा अर्थ घोळणे, लोळवणे, उलटसुलट हलवणे. 'पायी चालणे' हा अर्थ त्याला चिकटला तो सुमारे १२००च्या आसपास. कापड घोळवणाऱ्याला वेअल्केरे हे नाव त्याआधीच होतं. जर्मन भाषेत चालण्याचा अर्थ आलाच नाही, तिथे 'वाल्केन' म्हणजे आजही मळणे, कुटणे, आणि तिथलं वाल्कर हे आडनाव याच धंद्याचं. इटालियनमध्येही अशा पाणचक्कीला 'गुआल्किएरा' म्हणतात, तोही याच जर्मानिक शब्दाचा वंशज. तिथे कुणी चालत नाही, मोगऱ्या चालतात.

आणि एक व्यावहारिक पुरावा. टेंपलर, म्हणजे धर्मयुद्धांतल्या लढवय्या संन्याशांचा पंथ, यांच्या मालमत्तेची ११८५ची मोजदाद आहे, तीत यॉर्कशरमधल्या न्यूसमला आणि ग्लॉस्टरशरमधल्या बार्टनला कापड कुटायच्या पाणचक्क्या नोंदल्या आहेत. आडनावं कायम होण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे १४व्या शतकात ज्यांच्या नावाला वॉकर चिकटलं, त्यातल्या पुष्कळांनी कापडावर पाय ठेवलाही नसेल.

बाटलीवरच्या माणसाचं म्हणाल, तर ते चित्र टॉम ब्राउनने १९०८ मध्ये काढलं. मूळ जॉन वॉकर हा स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉकचा किराणा दुकानदार, दुकान १८२०चं. ना चालणं, ना कापड.

रहाटगाडगं (प्रतिसाद)

बायबलच्या भाषांतरांतही ही गंमत सापडते. मार्क ९:३ मध्ये येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की तशी कुणा कारागिराला करता येणार नाहीत, असं वाक्य आहे. १६११च्या इंग्रजी बायबलात तो कारागीर फुलर आहे. मराठी भाषांतरांत तिथे परीट किंवा धोबी येतो. चूक म्हणवत नाही, कारण वाचकाला दुसरं काय कळणार? पण शब्दचाळा यांना 'धोबी' सापडला असेल तो बहुधा असल्याच वाटेने.

दप्तरी (प्रतिसाद)

तिसऱ्या प्रश्नावर. ठामपणे म्हणता येत नाही. कारणं अशी:

सगळे वॉकर या धंद्याचे नाहीत. न्यूकासलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाची जागा आहे. तिचं नाव 'वॉल' म्हणजे रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत आणि 'कार' म्हणजे पाणथळ झुडपी जमीन यांवरून पडलं. तिथून उठून दुसरीकडे गेलेल्याला गावावरून वॉकर म्हणत, आपल्या '-कर'सारखं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात 'मॅक अन उकादर' म्हणजे 'कापड कुटणाऱ्याचा मुलगा' या गेलिक नावाचं भाषांतर करून वॉकर झाले. अर्थ तोच, घराणं अगदी वेगळं. टकरचंही तसंच: आयर्लंडमधले काही टकर हे 'ओ तुआखर' या नावाचं इंग्रजी रूप आहेत, त्यांचा लोकरीशी काही संबंध नाही. अमेरिकेतले अनेक कृष्णवर्णीय वॉकर गुलामगिरीच्या काळात मालकाचं आडनाव लागून झालेले.

शिवाय जिथे जिथे पाणचक्की, तिथे तिथे एक वॉकर. त्यामुळे हे शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलेलं आडनाव आहे, १९व्या शतकाच्या मध्याला इंग्लंड-वेल्समधल्या पहिल्या वीस आडनावांत बसणारं. इथे जनुक चाचणीचाही फार उपयोग होत नाही. लेस्टर विद्यापीठातल्या किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४० आडनावांच्या अभ्यासात ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांचा वाय गुणसूत्राचा (हे बापाकडून मुलाकडे जातं) साचा मोठ्या प्रमाणात जुळला, स्मिथांचा मात्र वाटेल त्या दोन माणसांइतकाच. वॉकरचं दुखणं स्मिथसारखंच.

आता कागदपत्रं. कळीचा प्रश्न एकच: नाव लिहिलं गेलं तेव्हा ते वर्णन होतं की आडनाव? दक्षिणेत साधारण १३५०पर्यंत बहुतेकांची आडनावं वंशपरंपरा झाली होती, उत्तरेत त्याला आणखी शतकभर लागलं. पारखायला सगळ्यात चांगली साधनं दोन. पहिलं, १३७९ची डोईपट्टी. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगच्या याद्या चांगल्या टिकल्या आहेत आणि त्यांत बऱ्याच नावांपुढे धंदाही लिहिलाय. नाव 'वॉकर' आणि धंदाही तोच असेल, तर काहीच सिद्ध होत नाही, ते नुसतं वर्णन असू शकतं. पण नाव 'वॉकर' आणि धंदा 'शिंपी' असेल, तर ते आडनाव बापाकडून आलंय असं धरायला हरकत नाही. लोक नेमकं उलटं करतात: धंदा जुळला की 'पुरावा मिळाला' म्हणून खूश होतात. दुसरं साधन १४१३च्या कायद्यानंतरचे खटल्यांचे कागद. त्या कायद्याने प्रतिवादीच्या नावासोबत दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचं ठिकाण लिहिणं सक्तीचं झालं.

धंदा आणि नाव खरोखर एकत्र असल्याचं नावाजलेलं उदाहरण हवं असेल तर १३८१च्या इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या बंडात नॉर्फकचं पुढारपण करणारा जेफ्री लिट्स्टर. तो खराच रंगारी होता. उलट बाजूचं उदाहरण ससेक्समधल्या ब्राइटलिंगचे फुलर. १८व्या शतकात त्यांचा पैसा लोखंडाच्या भट्ट्या आणि तोफांचा.

शब्दचाळा (प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे आभार, टिपण पुरतं बदलणार आता. दोन शंका राहिल्या. जुन्या लॅटिन कागदात 'फुल्लो' असं दिसलं तर ते फुलर घराणं समजायचं का? आणि मुंबई इलाख्यात आलेल्या एखाद्या वॉकरचा माग इंग्लंडपर्यंत कसा काढायचा?

दप्तरी (प्रतिसाद)

'फुल्लो' हा सापळाच आहे. कारकून लॅटिनमध्ये लिहायचा आणि लॅटिनमध्ये या धंद्याला तोच शब्द. यॉर्कशरच्या कागदातला 'योहानेस फुल्लो' घराबाहेर जॉन वॉकर असणार, डेव्हनमधला जॉन टकर. तेव्हा आधी कागद कुठल्या परगण्यातला ते बघा, मग त्याच गावचा पुढच्या पिढीतला कागद शोधा. 'ले वॉकेरे' असं फ्रेंच उपपद लावून लिहिलं असेल तर उत्तम, तिथे कारकुनाने लोकांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा ठेवलेला असतो. लिपीची एक खोच: 'वॉकर'मधला एल बोलताना गळत असल्यामुळे तो गाळून लिहिलेली रूपंही येतात. शोध घेताना एलसह आणि एलशिवाय, दोन्ही घाला.

मुंबईचं म्हणाल तर वर्तमानाकडून मागे जा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नकला दरवर्षी लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत. एन/१ बंगालची, एन/२ मद्रासची, तिथे वेळ घालवू नका. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणारी फिबिस ही संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. विवाहाच्या नोंदीत बापाचं नाव मिळालं की इंग्लंडकडे वळा. १ जुलै १८३७पासून तिथे सरकारी नोंदणी आहे. जन्माच्या जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११पासूनच दिसतं, पण नोंदणी कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन सूचीत ते १८३७पर्यंत मागे जातं. वॉकरसारख्या आडनावात जॉन आणि मेरी ढिगाने असतात, त्यामुळे आईच्या माहेरच्या आडनावाशिवाय पुढे सरकू नका. जनगणनेत १८५१ची नोंद धरा, तीत जन्माचं गाव असतं. १८४१च्या नोंदीत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलेलं असतं, ३४चा माणूस ३० दिसतो, आणि जन्मस्थळ म्हणून फक्त 'याच परगण्यात, हो की नाही'. त्याआधीची चर्चची दप्तरं १५३८पर्यंत जातात.

मोडीवाचक (प्रतिसाद)

दप्तरी यांच्या यादीला एक पुरवणी. १७५२पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे एखाद्याचा बाप्तिस्मा मे १७०५चा आणि दफन फेब्रुवारी १७०५चं दिसलं, तर ती दोन माणसं समजून वंशवृक्षाला नवी फांदी फोडू नका. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७०६चा.

आणि आडनावाचं ढालचिन्ह विकणाऱ्यांपासून सावध. इंग्लंडमध्ये चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. 'वॉकरांचं चिन्ह' असं काही नसतं.

घोंगडी (प्रतिसाद)

जाता जाता. मोगऱ्यांच्या जागी कापड रुळांतून फिरवणारं यंत्र १८३३ मध्ये विल्टशरमधल्या ट्रोब्रिजच्या एका गृहस्थाने काढलं आणि हळूहळू जुन्या वॉक मिल बंद पडत गेल्या. त्या गृहस्थाचं नाव जॉन डायर.